ब्रीफ मर्यादेत बसत नाही? नवव्या सर्किटकडे जास्तीचे शब्द कसे मागायचे

मी पुण्यात बसून कॅलिफोर्नियातल्या वकिलांच्या अपिलांचं काम करते. ही अपिलं नवव्या सर्किटपुढे, म्हणजे कॅलिफोर्निया आणि आसपासच्या राज्यांच्या फेडरल अपील कोर्टापुढे चालतात. सही त्यांची, खटपट आमची. टीममध्ये नवीन आलेलं कुणीही, विशेषतः आपल्याकडच्या कोर्टात थोडीफार प्रॅक्टिस करून आलेलं, हमखास विचारतं, “मॅडम, शब्द थोडे जास्त झाले तर काय बिघडलं?” बिघडतं. कोर्टाच्या क्लार्कच्या ऑफिसात ब्रीफ, म्हणजे अपिलातला लेखी युक्तिवाद, अडकू शकतं. म्हणून जास्त शब्द हवे असतील तर रीतसर मोशन, म्हणजे कोर्टाला लेखी अर्ज, करून मागायचे.

आधी आकडे. अमेरिकेच्या फेडरल अपील नियमांतला नियम ३२ मुख्य ब्रीफला १३,००० आणि रिप्लायला, म्हणजे समोरच्याच्या ब्रीफला दिलेल्या उत्तराला, ६,५०० शब्द देतो. डिसेंबर २०१६ पर्यंत हे आकडे १४,००० आणि ७,००० होते. नवव्या सर्किटने स्वतःच्या नियमात जुनेच आकडे ठेवले, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोतल्या या कोर्टाला जाणाऱ्या ब्रीफचं गणित १४,००० वर चालतं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, निवाड्यांची यादी, सर्टिफिकेटं आणि सहीचा मजकूर यात धरायचा नाही. शीर्षकं, उतारे आणि तळटीपा धरायच्या. वर्डमध्ये शब्द मोजताना तळटीपांच्या चौकोनात खूण आहे ना, ते बघा. ती नसेल तर सगळं मुसळ केरात.

मोशनला हात घालण्याआधी कात्री चालवा. लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीसारखंच असतं हे, प्रत्येक नाव कुणाचं तरी लाडकं. माझा अनुभव असा की चरबी युक्तिवादात कमी आणि खटल्याच्या इतिहासात जास्त असते. कुठला अर्ज कुठल्या तारखेला दाखल झाला हे न्यायाधीशांना नको असतं. जी तारीख पुढे युक्तिवादात येत नाही, ती काढून टाका. त्यानंतर लांबलचक उतारे बघा. अर्ध्याहून जास्त उतारे एका वाक्यात सांगता येतात.

लबाडी मात्र करायची नाही. २०१५ साली फेडरल सर्किटपुढे (हे पेटंट वगैरे प्रकरणांचं अपील कोर्ट) पाय-नेट विरुद्ध जेपी मॉर्गन चेस हे प्रकरण होतं. अपीलकर्त्याच्या बाजूने शब्दांमधल्या जागा पुसून शब्द एकमेकांना चिकटवले, म्हणजे मोजणीत कमी भरतील. कोर्टाने अपीलच काढून टाकलं. प्रत्येक नावाचं आद्याक्षरी लघुरूप करणं ही या लबाडीची धाकटी बहीण. अणुकचऱ्याच्या एका खटल्यात २०१२ मध्ये डी.सी. सर्किटने, म्हणजे वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने, त्यावरून वकिलांना चांगलंच सुनावलं होतं. रेकॉर्डचे संदर्भ ‘२-ईआर-२४५’ (रेकॉर्डच्या उताऱ्यांचा दुसरा खंड, पान २४५) असे जोडून लिहिण्याची पद्धत नवव्या सर्किटच्याच नियमांतली आहे, त्यामुळे ती बिनधास्त वापरा.

एवढं करूनही बसत नसेल, तर सर्किट नियम ३२-२ काढा. पहिल्याच वाक्यात कोर्ट सांगतं की असले अर्ज आम्हाला आवडत नाहीत. तिथूनच आपला सूर ठरतो. मोशन दोन-तीन पानांचं पुरे. फेडरल नियम मोशनला ५,२०० शब्द देतो, पण जास्त शब्द मागणारा अर्जच पाल्हाळिक असला तर वाचणाऱ्याने काय समजायचं? नेमके किती शब्द हवेत, कशासाठी हवेत आणि समोरच्या वकिलाचं म्हणणं काय, या तीन गोष्टी आल्या की झालं. समोरच्याला दोन दिवस आधी ईमेल करा. बहुतेक वेळा तो हरकत घेत नाही, उद्या त्यालाही हेच मागायचं असू शकतं.

खरा जीव मोशनसोबतच्या डिक्लरेशनमध्ये, म्हणजे वकिलाच्या प्रतिज्ञापत्रासारख्या लेखी निवेदनात असतो. स्टँप पेपर नको, नोटरी नको. खोटं ठरलं तर शपथभंगाची शिक्षा मान्य, अशा ओळीखाली वकिलाची सही लागते. आपण मसुदा करतो तेव्हा हे लक्षात असू द्या, सही करणाऱ्याला माहीत नसलेली एकही गोष्ट त्यात घालू नका. दोन गोष्टी दाखवायच्या असतात. आम्ही मनापासून काटछाट केली, आणि तरीही शब्दांची खरी निकड आहे.

“प्रकरण गुंतागुंतीचं आणि महत्त्वाचं आहे” हे वाक्य मी दिसलं की खोडते. प्रत्येक जण हेच लिहितो. त्याऐवजी, समजा, असं लिहा: ज्युरीपुढचा खटला १४ दिवस चालला, ट्रान्स्क्रिप्ट ३,२०० पानांची आहे, खालच्या कोर्टाचे तीन स्वतंत्र आदेश आव्हानाखाली आहेत आणि तिन्हींचे पुरावे वेगळे आहेत. पहिला मसुदा १९,४०० शब्दांचा होता, तो १५,६०० वर आणला, नुकसानभरपाईचा एक मुद्दा सोडून दिला. एवढं वाचल्यावर मर्यादेवरचे १,६०० शब्द कुठे गेले ते डोळ्यांना दिसतं. वेळ नव्हता, किंवा आता परत कापायला खर्च येईल, हे लिहू नका. ब्रीफ तयार करण्याचा आणि दुरुस्त करण्याचा खर्च विचारात घेणार नाही, असं नियमातच म्हटलंय.

मोशनसोबत प्रस्तावित ब्रीफ आणि शब्दसंख्येचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म ८, जोडायचं. ब्रीफ अर्धवट असेल तर मोशन लंगडं. मोशनमधला आकडा, डिक्लरेशनमधला आकडा आणि फॉर्म ८ वरचा आकडा एकच हवा. शेवटच्या तासात कुणीतरी एक तळटीप घालतं आणि तिघांची फारकत होते, म्हणून मोजणी सगळ्यात शेवटी करा.

तारखेचं बघा. नवव्या सर्किटमध्ये ब्रीफच्या शेवटच्या तारखेपर्यंत मोशन चालतं. ही मोकळीक सगळीकडे नाही: डी.सी. आणि अकराव्या सर्किटला ७ दिवस आधी लागतं, पाचव्याला १० दिवस आधी. मुदत संपते ती सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा, हिवाळ्यात दीड. कॅलिफोर्नियातले वकील तेव्हा झोपायच्या बेतात असतात, तेव्हा सही आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

अशा मोशनवर समोरच्याच्या उत्तराची वाट न बघताही आदेश होऊ शकतो. नाकारलं, किंवा मागितल्यापेक्षा कमी दिलं, तर नवव्या सर्किटमध्ये नवं ब्रीफ द्यायला वाजवी वेळ मिळतो. तरी मी १४,००० ची प्रत त्याच फोल्डरमध्ये तयार ठेवते, आणि कुठले परिच्छेद आधी जातील ते वकिलाकडून मोशनच्या आधीच ठरवून घेते.