बंडल की इन्स्टॉल? स्विचला हात लावण्याआधी

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० या नेटवर्क स्विचवर नवा आयओएस एक्सई (त्याची ऑपरेटिंग सिस्टम) टाकायचा असेल तर आधी ‘शो व्हर्जन’ द्या आणि खालच्या तक्त्यात मोडचा रकाना बघा. इन्स्टॉल असेल तर उत्तम, म्हणजे स्विच फ्लॅशवर आधीच सुट्या करून ठेवलेल्या पॅकेज फाइलींवरून सुरू होतोय. बंडल दिसलं, तर तो स्विच दर वेळी अख्खी बिन फाइल मेमरीत उलगडून सुरू होतोय. रॅम जास्त लागते, शिवाय एसएमयू पॅच (छोट्या दुरुस्त्या) आणि स्टॅकचं, म्हणजे एकत्र जोडून एकासारख्या चालणाऱ्या स्विचांचं, ऑटो-अपग्रेड तिथे चालत नाही.

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत मला बंडलवर सापडणारे स्विच बहुधा कधीतरी मरता मरता वाचवलेले असतात. फ्लॅश बिघडली, कुणीतरी रोममॉनमधून (सिस्टम सुरू होण्याआधीच्या बूट प्रॉम्प्टवरून) पेन ड्राइव्हवरची बिन देऊन तो उभा केला, लाइन सुरू झाली नि मंडळी घरी गेली. अशा अडचणीला बंडल झकास. कायमचं ठेवायला नाही.

इन्स्टॉल मोडवर परत आणायला बिन फ्लॅशवर कॉपी करा, फाइल धड उतरली का ते एमडीफाइव्ह बेरीज ताडून बघा. मग कॉन्फिगमध्ये ‘नो बूट सिस्टम’, त्यावर ‘बूट सिस्टम फ्लॅश:पॅकेजेस.कॉन्फ’, बाहेर येऊन ‘राइट मेमरी’. शेवटी ‘इन्स्टॉल ॲड फाइल’, फाइलचं नाव आणि ‘ॲक्टिव्हेट कमिट’. स्विच रीलोड होणार, तेव्हा कारखान्याकडून वेळ मागून घ्या. स्टॅक असेल तर सगळे मेंबर एकाच मोडमध्ये हवेत.

पुढच्या अपग्रेडला मात्र ‘ॲड’, ‘ॲक्टिव्हेट’, ‘कमिट’ हे तिन्ही शब्द एका ओळीत देऊ नका, भले सगळे तसंच करत असोत. ‘ॲड’ दिवसाही चालतं, त्याने रीलोड होत नाही. जागा कमी पडली तर आधी ‘इन्स्टॉल रिमूव्ह इनॅक्टिव्ह’. पीकेजी (पॅकेज) फाइली हाताने पुसायच्या नाहीत, पॅकेजेस.कॉन्फ त्यांच्याच नावांवर बूट होतं. ‘ॲक्टिव्हेट’ रात्री. मी इंदूरला रामबागेत घरी बसलेला असतो, स्विच तिकडे. रीलोडनंतर अपलिंक (बाकी नेटवर्कशी जोडणारा दुवा) आलाच नाही, तरी १२० मिनिटांत कमिट न मिळाल्यामुळे तो आपोआप जुन्या आवृत्तीवर परततो. मध्यरात्री राऊच्या पुढे गाडी हाकणं वाचतं. एका ओळीत कमिटही दिलंत, तर हा आधार गेला.

स्विच वर आला की ट्रंक (स्विचांमधले दुवे), फोन, कॅमेरे, स्टॅकचे मेंबर नीट तपासा आणि मगच ‘इन्स्टॉल कमिट’. ‘शो इन्स्टॉल समरी’मध्ये नव्या आवृत्तीपुढचा ‘यू’ (अनकमिटेड) जाऊन ‘सी’ (कमिटेड) आला पाहिजे; तोवर लॅपटॉप मिटू नका.