कोटेशनमधले चाळीस हजार

पुण्यात पहिली नवी गाडी घेताना शोरूमच्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’, टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, रबरी मॅट आणि वाढीव वॉरंटी मिळून ४०,००० रुपये न विचारताच जोडलेले होते. ‘हप्त्यात जेमतेम साडेसहाशेचा फरक, साहेब,’ असे विक्रेत्याने समजावले; परंतु ९ टक्के व्याजाने ७ वर्षांत त्याच रकमेचे सुमारे ५४,००० होतात, हे मी त्याच्यासमोरच मोबाइलवर मांडून दाखवले. विमा कंपनी निवडण्याचा हक्क ग्राहकाचाच असल्याने ३ वर्षांच्या थर्ड पार्टी विम्यासह पॉलिसीचा दर मी बाहेरून आणला, कर्जही बँकेकडून स्वतः मंजूर करून घेतले आणि एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा व फास्टॅग एवढ्याच बाबींचे नवे कोटेशन सही-शिक्क्यानिशी मागितले. रबरी मॅट मात्र ठेवल्या. पावसाळा तोंडावर होता.