ऑफिसचा जुना सर्व्हर नवीन मशीनवर कसा हलवायचा

छोट्या ऑफिसातला सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक डबा, सात-आठ वर्षं कोणी हात लावलेला नसतो आणि चालतोय ना मग चालू दे असं म्हणत दिवस ढकलणं चालू असतं. मग एक दिवस डिस्क कुरकुरायला लागते, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्टच संपतो (विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला) आणि नवीन मशीन घ्यायचं ठरतं. मशीन घेणं सोपं आहे, डेटा कॉपी करणंही सोपं आहे. घोडं अडतं ते त्या डब्यात कोणी, कधी, काय बसवून ठेवलंय हे आता कोणालाच आठवत नाही तिथे. म्हणून आधीच सांगतो, या कामातला निम्मा वेळ यादी करण्यात जाणार आहे आणि तो जाऊ द्या.

पायरी १ : सर्व्हर नक्की काय काय करतो ते लिहून काढा

वही घ्या नाहीतर स्प्रेडशीट, काहीही चालेल, पण डोक्यात ठेवू नका. शेअर केलेली फोल्डरं आणि डेटाबेस सगळ्यांना आठवतात, त्याचं टेन्शन नाही. विसरतात ती बारीक कामं. स्कॅनरवरून थेट फोल्डरमध्ये जाणारे स्कॅन, यूपीएसची केबल आणि लाईट गेल्यावर सर्व्हर आपोआप बंद करणारं सेटिंग, यूएसबीला लावलेला अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डोंगल, राउटरवर या आयपीच्या नावाने उघडलेले पोर्ट (बाहेरून आत यायच्या वाटा), एसएसएल सर्टिफिकेट आणि ते रिन्यू करणारी स्क्रिप्ट, डीएचसीपी म्हणजे कॉम्प्युटरना आयपी वाटायचं काम हाच सर्व्हर करतो का, प्रिंटरची रांग याच्यावरच आहे का. चालू पोर्ट बघायला लिनक्सवर एसएस आणि विंडोजवर नेटस्टॅट कमांड आहे, ती एकदाच चालवून थांबू नका, दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी चालवा, कारण रात्री दोनला येऊन जोडलं जाणारं काहीतरी दुपारी दिसणारच नाही.

शेड्यूल केलेली कामं मात्र खोदून काढा. विंडोजवर टास्क शेड्यूलर उघडा, लिनक्सवर फक्त रूटचा म्हणजे मुख्य ॲडमिनचा क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघून समाधान मानू नका, प्रत्येक युजरचा वेगळा असतो. मी एकदा हेच चुकलो. सगळं हलवलं, तीन आठवडे एकही तक्रार नाही, मी खुश. मग महिन्याची १ तारीख आली आणि दर महिन्याला मेलवर येणारा विक्रीचा रिपोर्ट आलाच नाही. शोधता शोधता कळलं की तो रिपोर्ट कधीच नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या युजरखाली क्रॉनमध्ये बसला होता, आणि तो युजर मी "हा आता कोण वापरतोय" म्हणून नवीन मशीनवर बनवलाच नव्हता.

पायरी २ : बॅकअप घ्या आणि तो खरंच उघडतो का ते बघा

जुन्या डिस्कवर एवढी वर्षं ठराविक फायलीच वाचल्या जात असतात. कॉपी सुरू केली की एका दमात सगळीच डिस्क वाचायला लागते, आणि कोपऱ्यात दडलेले खराब सेक्टर नेमके तेव्हाच उघडे पडतात, कधीकधी डिस्क तिथेच मान टाकते. त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय पुढे जायचंच नाही. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, त्यातला एक डेटाबेस आणि चार-पाच फोल्डर दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर रिस्टोर करून उघडून बघा. रिस्टोर न केलेला बॅकअप हा बॅकअप आहे असं मी तरी धरत नाही.

पायरी ३ : नवीन मशीनला आधी दमवा

नवीन आहे म्हणजे चांगलंच असेल हा गोड गैरसमज. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा, डिस्कची स्मार्टची (डिस्कने स्वतःच स्वतःची करायची तपासणी) लाँग टेस्ट लावा, मोठ्या डिस्कला ती बरेच तास घेते, घेऊ द्या. दोन डिस्क मिररमध्ये म्हणजे रेड १ मध्ये (दोन्हीवर तोच डेटा) लावत असाल तर डेटा यायच्या आधीच एक डिस्क काढून बघा, मशीन चालू राहतं का, अलर्टचा मेल येतो का, परत लावल्यावर रिबिल्ड होतं का. हे आत्ता करायला भीती नाही, नंतर छातीच होणार नाही. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेली फाईल मिररमध्ये दोन्हीकडून तितक्याच इमानदारीने डिलीट होते.

अजून एक, जुन्या सर्व्हरमधल्या डिस्क काढून नवीन मशीनला लावू आणि काम संपवू असा विचार असेल तर सोडून द्या. हार्डवेअर रेड कार्ड वेगळ्या कंपनीचं असेल तर त्याला जुन्या डिस्कवरची मांडणी वाचता येईलच असं नाही. शिवाय जुनं मशीन बायॉसवर आणि नवीन फक्त यूईएफआयवर (मशीन सुरू करायची जुनी आणि नवी पद्धत) बूट होणारं असेल तर ते तसंही चालू होणार नाही.

पायरी ४ : क्लोन करायचं की नव्याने इन्स्टॉल करायचं

माझं मत स्पष्ट आहे, जमत असेल तर नव्याने इन्स्टॉल करा. क्लोन केलं म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवली की आठ वर्षांचा कचराही सोबत येतो, जुने ड्रायव्हर, कोणीतरी टेस्टिंगला उघडून ठेवलेले पोर्ट, सगळंच. अपवाद एकच, असं एखादं जुनं सॉफ्टवेअर की ज्याचा इन्स्टॉलर आता कुणाकडेच नाही. तेव्हा जुन्या मशीनची डिस्क व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरच्या आत चालणारा कॉम्प्युटर) बदलून घ्या, विंडोजसाठी डिस्क२व्हीएचडी नावाचं फुकट टूल आहे. खरं म्हणजे नवीन मशीनवर आधी प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर) टाकून सर्व्हर त्याच्या आत व्हर्च्युअल मशीन म्हणून ठेवलात तर पुढच्या वेळी हा सगळा खटाटोप बराच कमी होतो.

लायसन्स आत्ताच बघून घ्या. मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं असतं, ते नवीन मशीनवर नेता येत नाही. काही सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डच्या मॅक ॲड्रेसला म्हणजे त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाला बांधलेली असतात, त्यांच्या कंपनीला आठवडाभर आधी कळवून नवीन की मागून ठेवा, रविवारी रात्री त्यांचा फोन कोणी उचलत नाही.

आणि तुमचा सर्व्हर विंडोजचा डोमेन कंट्रोलर म्हणजे सगळ्या ऑफिसची लॉगिन सांभाळणारा असेल तर क्लोन अजिबात नको. नवीन सर्व्हर त्याच डोमेनमध्ये दुसरा कंट्रोलर म्हणून जोडा, सगळा डेटा रेप्लिकेट होऊ द्या, मग फिस्मो म्हणतात ते कंट्रोलरचे पाचही खास रोल नवीनकडे द्या, सगळ्या मशीनचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) नवीनकडे वळवा आणि त्यानंतरच जुन्याला रीतसर डिमोट करा म्हणजे कंट्रोलरपदावरून उतरवा. ही वाट लांबची वाटते पण यात लोकांना कामही थांबवावं लागत नाही.

पायरी ५ : पहिली कॉपी ऑफिस चालू असतानाच

कॉपी दोनदा करायची. पहिली मोठी कॉपी आठवडाभर आधी, जुना सर्व्हर चालू ठेवून, आणि दुसरी शेवटच्या रात्री, तेव्हा फक्त मधल्या काळात बदललेलंच जातं. लिनक्सवर आरसिंक, विंडोजवर रोबोकॉपी, दोघांनाही हे छान जमतं. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे १ टीबीला साधारण अडीच तास, पण हे मोठ्या फायलींचं गणित झालं. लाखभर बारीक फायली असतील तर वेळ कितीतरी पटीने वाढतो, म्हणूनच पहिली कॉपी आधी उरकायची.

आरसिंकमध्ये सोर्स फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो, यात सगळेच एकदा तरी फसतात. आधी ड्राय रन (काहीही न बदलता नुसती तालीम) करून काय होणार ते वाचा. रोबोकॉपीची गंमत अशी की एखादी फाईल लॉक असली तर ती मुळात १० लाख वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून परत प्रयत्न करते, म्हणजे तुम्ही रिटायर झालात तरी कॉपी चालूच, तेव्हा रिट्राय दोनवर आणि थांबणं पाच सेकंदांवर आणा. आणि आरसिंकचा डिलीट किंवा रोबोकॉपीचा मिरर ऑप्शन वापरताना सोर्स कुठला आणि डेस्टिनेशन कुठलं हे मोठ्याने वाचा, उलटं झालं तर रिकाम्या नवीन डिस्कसारखी तुमची जुनी डिस्कही रिकामी होईल.

परमिशनही बघा. लिनक्सवर फायलीचा मालक शेवटी एक नंबर असतो, नवीन मशीनवर तोच नंबर दुसऱ्या युजरला मिळाला असेल तर एकाच्या पगाराच्या फायली दुसऱ्याला उघडतील. आधी युजर त्याच नंबरांनी बनवा, मग कॉपी.

पायरी ६ : डेटाबेसच्या फायली चालू असताना उचलू नका

चालू डेटाबेसचं फोल्डर तसंच कॉपी केलं तर अर्धवट लिहिलेला माल येतो, आणि लगेच कळतही नाही. त्याऐवजी डेटाबेसच्याच टूलने त्याची प्रत म्हणजे डम्प काढा: मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएलडम्प, पोस्टग्रेससाठी पीजीडम्प, एसक्यूएल सर्व्हरला त्याचा स्वतःचा बॅकअप. डम्प नवीन व्हर्जनवर एकदा आधीच चढवून बघा आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा, शेवटच्या रात्रीचं वेळापत्रक याच आकड्यावर ठरतं. दोन-चार मोठ्या टेबलांच्या ओळी दोन्हीकडे मोजून जुळवा, आणि मराठी मजकूर असलेली एखादी नोंद उघडून बघा, एन्कोडिंग गडबडलं असेल तर तिथे प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

पायरी ७ : एक-दोघांना आधी नवीनवर बसवा

नवीन सर्व्हरला तात्पुरता वेगळा आयपी द्या, एक-दोन कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाईलमध्ये सर्व्हरचं नाव त्या आयपीला जोडा आणि त्यांना रोजचं काम करून बघायला सांगा. रोजचंच. बिल काढा, प्रिंट द्या, जुनी फाईल शोधा. जो माणूस सगळ्यात जास्त कुरकुर करतो त्यालाच यासाठी निवडा, तुम्हाला जे वर्षभरात सापडणार नाही ते तो अर्ध्या तासात सांगेल. फक्त इथे टाकलेली बिलं-नोंदी चाचणीपुरत्या आहेत, नंतर पुसल्या जाणार आहेत हे त्याला आधीच नीट सांगून ठेवा.

पायरी ८ : प्रत्यक्ष हलवण्याची रात्र

बाहेरून वापरायचं काही असेल, वेबसाईट किंवा मेल, तर त्या डीएनएस नोंदीचा टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) एक-दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा. तो ८६,४०० वर असेल तर बदल केल्यावरही जग दिवसभर जुन्याच पत्त्यावर जात राहतं.

रात्री क्रम असा ठेवा: सगळ्यांना बाहेर काढा, डेटाबेस सोडून जुन्या सर्व्हरवरच्या बाकी सर्व्हिसेस बंद करा (नुसतं "कोणी वापरू नका" सांगून भागत नाही, कोणीतरी वापरतंच), डेटाबेसचा शेवटचा डम्प, शेवटची आरसिंक, मग जुन्याची नेटवर्क केबल काढा आणि त्याचा आयपी नवीनला द्या. आयपी तोच आणि मशीन वेगळं असल्यामुळे राउटर, प्रिंटर वगैरे थोडा वेळ जुन्याच मॅक ॲड्रेसला हाका मारत बसतात, ती रिस्टार्ट केली की शुद्धीवर येतात.

एक वेळ आधी ठरवून कागदावर लिहा, समजा पहाटे चार. चारपर्यंत सगळं चालू झालं नाही तर परत जुना सर्व्हर लावायचा आणि झोपायचं. "अजून दहा मिनिटं" करत सकाळचे नऊ वाजतात आणि मग धड ना जुनं धड ना नवीन. सकाळी लोकांनी नवीन सर्व्हरवर बिलं टाकायला सुरुवात केली की मागे फिरणं अवघड, कारण ती बिलं जुन्यावर नसतात.

पायरी ९ : दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहा

पहिली बोंब बहुतेक स्कॅनरची असते. जुने स्कॅनर एसएमबी१ हा फाईल शेअरिंगचा जुना प्रकार वापरतात आणि नवीन सर्व्हर ते मुळात बंदच ठेवतात, लिनक्सवर फाईल शेअरिंग करणाऱ्या सांबाने ४.११ पासून म्हणजे २०१९ पासून बंद केलंय. ते परत चालू करणं सोपं आहे पण करू नका, स्कॅनरचं फर्मवेअर अपडेट होतंय का बघा, नाहीतर स्कॅन मेलवर किंवा एफटीपीवर वळवा. लॉगिनच होत नसेल तर घड्याळ बघा, डोमेनमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन तपासणारा कर्बेरॉस दारच उघडत नाही. आणि नवीन मशीनवर बॅकअप चालू केलाय ना? जुना बॅकअप जुन्याच मशीनवर होता, तो गेला.

पायरी १० : जुना डबा लगेच विकू नका

कमीत कमी एक महिनाअखेर आणि शक्य असेल तर एक तिमाही जाऊ द्या, बंद करून, केबल काढून, वर "लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठी खरंच चिकटवा, कारण साफसफाईनंतर कोणीतरी केबल निघालेली बघून प्रेमाने परत लावतो आणि मग एकाच आयपीची दोन मशीनं नेटवर्कवर भांडत बसतात. डिस्क देऊन टाकायच्या आधी पूर्ण पुसा, साध्या हार्ड डिस्कवर एकदा शून्यं लिहिली तरी पुरतं, एसएसडीला मात्र तिचा स्वतःचा सिक्युअर इरेज वापरा, आणि जी डिस्क चालूच होत नाही तिला ड्रिलने भोकं पाडा.