डिस्क माउंट होत नाही? रिकाम्या फोल्डरकडे आधी बघा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला (पुढे नुसतं 'पाय') लावलेली डिस्क दिसली नाही, म्हणजे माउंट (एखाद्या फोल्डरवर जोडली) झाली नाही, म्हणून लगेच फॉरमॅट करू नका. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसग -डब्ल्यू' (सिस्टिमचे नवे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवा, डिस्क काढा, पुन्हा लावा. एकही नवी ओळ उमटली नाही, तर आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. डिस्क दिसून पुन्हा गायब होत असेल, 'अंडर-व्होल्टेज' येत असेल, तर वीज कमी पडतेय. पाय ४ च्या चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर जेमतेम ०.६. फिरत्या तबकडीच्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब द्या. मोबाइलच्या चार्जरवर भागवणं ही काटकसर नव्हे.

डिस्क ओळखली गेली की 'एलएसबीएलके -एफ' मधून यूयूआयडी (त्या विभागाचा कायमचा ओळख क्रमांक) घ्या. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) तो यूयूआयडी लिहा, 'एसडीए१' लिहू नका, रीबूटनंतर ते नाव दुसऱ्याच डिस्कला जाऊ शकतं. त्याच ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी सुरू हो) हा पर्याय हवाच. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर पाय दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. मग एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून पाय चालवण्याची सोय) लागत नाही, आणि एफएसटॅब कार्डाच्या एक्स्ट४ विभागात (लिनक्सची फाइलपद्धत, विंडोज ती वाचत नाही) असल्याने विंडोजवर कार्ड घालूनही ती ओळ सुधारता येत नाही.

आता खरा खड्डा. 'नोफेल'मुळे पाय सुरू होतो, पण डिस्क माउंट झालेली नसते. डिस्क जिथे माउंट व्हायची तो '/एमएनटी/डेटा' हा फोल्डर मात्र जागेवर असतो, कारण तो मुळात एसडी कार्डावरचाच साधा फोल्डर आहे. बॅकअप त्यात बिनबोभाट लिहीत राहतो, कार्ड भरतं. पुढे डिस्क माउंट झाली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात: 'डीएफ' (किती जागा भरली ते सांगणारी कमांड) कार्ड १००% भरलंय म्हणतं आणि 'डीयू'ची (दिसणाऱ्या फाइलींची) बेरीज काही जुळत नाही. घाबरू नका, डेटा गेलेला नाही. लिहिणारी सर्व्हिस थांबवा, डिस्क 'यूमाउंट' करा, फाइली तिथेच सापडतील.

हे पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क काढलेली असताना, फोल्डर रिकामा करून, 'सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/डेटा' द्या. हे कुलूप लागलं की त्या फोल्डरात रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या खात्यालाही) लिहिता येणार नाही. डिस्क माउंट झाली की तिच्यावर लिहिणं नेहमीसारखं चालेल. परवानगीची एरर आली की 'सीएचमॉड ७७७' (सगळ्यांना सगळी परवानगी) सुचवणाऱ्यांचं ऐकू नका. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर तर त्याने काहीच बदलत नाही, तिथे माउंटच्या पर्यायांतच 'यूआयडी=१०००' आणि 'जीआयडी=१०००' (फाइलींचा मालक आणि गट) द्यावं लागतं. मदत मागाल तेव्हा आधी 'डीमेसग' दाखव म्हणणारा माणूस धरून ठेवा.

एफएसटॅब बदलल्यावर 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, चूक असेल तर रीबूटच्या आधीच कळते. मग डिस्क काढून पाय सुरू करा आणि 'सुडो टच /एमएनटी/डेटा/चाचणी' (रिकामी फाइल तयार करणारी कमांड) द्या. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं पाहिजे. फाइल गुपचूप तयार झाली, तर कुलूप लागलेलं नाही.