‘दिवि’ वाचलं म्हणजे सम्राट देव झाला असं नाही

रोमन सम्राट मेल्यावर सिनेटने त्याला देवत्व दिलं, की त्याच्या नावाने नाणी पाडली जात. ती ओळखताना नवखा संग्राहक बहुधा एका शब्दावर घसरतो.

तिबेरियसचा चांदीचा दिनार घ्या. त्यावर कोरलेल्या मजकुरात ‘दिवि’ वाचून मीही पाकिटावर ऐटीत ‘देवत्व दिलेला तिबेरियस’ असं लिहून टाकलं होतं! पुढे ‘ऑग’ आणि त्याला चिकटून एकच अक्षर होतं, ‘एफ’. ते मी वाचलंच नव्हतं. एफ म्हणजे फिलियस, मुलगा. ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ एवढाच त्याचा अर्थ. देव झाला तो बाप. तिबेरियसच्या वाट्याला देवत्व आलंच नाही. कोइंबतूर परिसरातल्या साठ्यांत ऑगस्टस-तिबेरियसचेच दिनार भरपूर निघाले आहेत, तेव्हा आपल्याकडे ही गफलत सहज होते. मेलेल्याच्या स्वतःच्या नावाआधी ‘दिवुस’ किंवा ‘दिवो’ येतं. त्यातला ‘यू’ही ‘व्ही’सारखाच कोरलेला असतो.

डोक्यावर किरणांचा मुकुट दिसला म्हणूनही हुरळून जाऊ नका. दिव्य ऑगस्टसला तो आहे खरा, पण नेरोपासून द्युपोंडियस या पितळी नाण्यावर जिवंत सम्राटही तोच घालून बसतात. तिथे मुकुट नाण्याचं मूल्य सांगतो.

तिसरी चूक सालाची. ‘दिवो तितो’ (दिव्य टायटसला), किरणमुकुट, मागे गरुड किंवा वेदी आणि ‘कॉन्सेक्रातियो’, म्हणजे देवत्व देणं. टायटस 81 साली वारला, म्हणून नाणंही तेव्हाचंच? छे. हा अँटोनिनियानस नावाचा रोमन नाण्याचा प्रकार आहे आणि तो मुळात 215 मध्ये सुरू झाला. ही मालिका 250 च्या सुमारास सम्राट डेसियसने काढली. ऑगस्टसपासून सेव्हेरस अलेक्झांडरपर्यंतचे जुने देव त्याने पुन्हा नाण्यांवर आणले.

‘दिवो क्लाउदिओ’ लिहिलेली तांबूस, पातळ नाणी 270 मध्ये वारलेल्या क्लॉडियस गॉथिकसची, इ. स. 54 मध्ये वारलेल्या क्लॉडियसची नव्हेत. त्यांतल्या कित्येकांवरची अक्षरं वेडीवाकडी, गरुड कोंबडीसारखा! आजची नक्कल समजून फेकू नका, त्या काळातही अशा नकला ढिगाने पाडल्या गेल्या.

आणि देवघरातल्या तांब्यासारखं नाणं चिंचेने घासू नका. काठावरची झिजलेली अक्षरं आधी जातात, आणि तो ‘एफ’ असतो तिथेच.