चतुर्थीनंतर व्हॅनच्या लिफ्टरची टकटक

डिचोलीतील आमच्या घराच्या पडवीला लागून उभी असलेली जुनी पेट्रोल व्हॅन यंदाच्या पावसात मृगापासून चतुर्थीपर्यंत एकदाही सुरू केली नव्हती, आणि चतुर्थी आटोपल्यावर चावी फिरवताच इंजिनाच्या माथ्यातून शिवणयंत्रासारखी टकटक ऐकू आली. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक व्हॉल्व्हच्या झाकणावर टेकवून मूठ कानाशी धरली, तेव्हा मागच्या बाजूला आवाज अगदी स्पष्ट जाणवला.

या इंजिनातील हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतले छोटे भाग, ऑईलच्या दाबाने त्या यंत्रणेतली फट भरून काढतात. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की आतले ऑईल झिरपते, त्याच्या जागी हवा शिरते आणि जुन्या ऑईलचा चिकट थर बारीक छिद्रांत बसतो; मग फट नीट भरत नाही आणि टकटक होते.

ऑईलची पातळी योग्य होती आणि गेजवर दाबही ठीक होता. दाब कमी असता तर मी इंजिन क्षणभरही चालवले नसते. आवाज दाबण्यासाठी जाड ऑईल घालण्याचा सल्ला मिळाला, तो मी मानला नाही, कारण जाड ऑईल थंड इंजिनात लिफ्टरपर्यंत उशिराच पोहोचते. इंजिन गरम करून काळे पडलेले ऑईल काढले, फिल्टर बदलला, पुस्तिकेत सांगितलेले ५डब्ल्यू-३० प्रतीचे ऑईल भरले आणि इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर वीस मिनिटे चालू ठेवले. टकटक विरळ झाली. फोंड्यापर्यंत जाऊन येईपर्यंत ती पूर्ण थांबली.

आता पावसाळ्यातही दर आठवड्याला व्हॅन साखळीपर्यंत नेऊन आणतो.