ब्रॅम्लीचं झाड, ब्रॅम्लीचा मेथांबा : या चुका टाळा

इंग्लंडमध्ये घर घेतलं आणि मागच्या बागेत एखादं जुनं, ऐसपैस पसरलेलं सफरचंदाचं झाड निघालं, तर ते ब्रॅम्ली असू शकतं. फळ मोठं, जरा चपटं, हिरवं, कधी एका बाजूला लालसर झाक. पहिल्याच घासाला दात आंबतात आणि ‘फळ वाईट आहे’ म्हणून सगळा बहर गवतावर कुजू दिला जातो. फार जीव हळहळतो ते पाहून. ब्रॅम्ली हे शिजवायचं सफरचंद आहे, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं दुसरं फळ मला तरी माहीत नाही. आपल्या मंडळींच्या बहुतेक चुका दोन गोष्टींतून होतात : झाडाला इतर सफरचंदांसारखं वागवणं आणि फळाला कैरीसारखं वागवणं.

बी पेरून ब्रॅम्ली येत नाही

नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने 1809 साली बिया पेरल्या. त्यातलं एक रोप जगलं. 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा तरुण रोपवाटिकावाला कलमासाठी काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅम्लीने ‘नाव माझं लावायचं’ या अटीवर त्या दिल्या. झाड लावणारीचं नाव मागे राहिलं, हे मला आजही खटकतं. जगातलं प्रत्येक ब्रॅम्ली त्या एका झाडाचं कलम आहे. बी पेरलीत तर भलतंच काहीतरी उगवेल. तेव्हा कलमच घ्या, आणि घेताना खुंट (म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलंय ते) कोणता ते विचारा. ही जात मुळातच दांडगी. एम-25 खुंटावरचं झाड लहान बाग व्यापून टाकेल. लहान बागेला एम-26 किंवा एम-9 बरा. एम-9 ला मात्र कायमचा आधार लागतो.

(गावी नाशिकला किंवा महाबळेश्वरला न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. या झाडाला हिवाळ्यात लांबलचक थंडी हवी, आणि परवान्याशिवाय रोप भारतात नेता येत नाही.)

फुलं भरपूर, फळं नाहीत

ब्रॅम्ली ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे त्याच्याकडे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत. त्यामुळे त्याचे पराग कुचकामी. शेजारी एक झाड लावून भागत नाही, कारण त्या झाडाला ब्रॅम्ली पराग परत देऊ शकत नाही. त्याच सुमारास फुलणारी दुसऱ्या जातींच्या सफरचंदांची दोन झाडं हवीत : जेम्स ग्रीव्ह, डिस्कव्हरी किंवा फुलांसाठी लावतात ते जंगली सफरचंद. शहरात ती शेजाऱ्यांच्या बागांत बहुधा असतातच; आधी कुंपणापलीकडे नजर टाका. तेही असून फळ धरलं नाही, तर फुलोऱ्याच्या दिवसांतली थंडी आठवून पाहा. दव गोठवणाऱ्या थंडीला ब्रॅम्लीची फुलं नाजूक असतात. झाड लहान असेल तर अशा रात्री त्यावर पातळ कापड टाकता येतं.

छाटणीत शेंडे उडवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ब्रॅम्लीची बरीचशी फळं कोवळ्या फांद्यांच्या टोकांना येतात. झाड ‘नीटनेटकं’ दिसावं म्हणून कुंपण कापावं तसे सगळे शेंडे कापले, की पुढच्या वर्षीचं फळच कापलं जातं. वर, हिवाळ्यात जबर छाटणी केली की झाड चिडल्यासारखं पाणसोट, म्हणजे सरळसोट उभे कोंब, फेकतं. मग तेही कापले जातात आणि त्यातून आणखी पाणसोट. हिवाळ्यात फक्त वाळलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. एका वर्षात पाचव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नका. झाड फारच माजलं असेल तर हे काम तीन हिवाळ्यांत वाटून घ्या आणि पाणसोट उन्हाळ्यात काढा.

एक वर्ष लगडून पुढच्या वर्षी रिकामं, हा हापूसचा खेळ ब्रॅम्लीही खेळतं. जूनमधली नैसर्गिक फळगळ झाली की विरळणी करा : एका घोसात एकच फळ, दोन फळांत साधारण वीतभर अंतर.

सालीवर बारीक खोलगट डाग, आणि साल काढली की खाली तपकिरी, स्पंजासारखे, कडू ठिपके? ही कीड नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याने हे होतं, आणि बहुतेक वेळा कारण पाण्याची ओढाताण असतं. कोरड्या उन्हाळ्यात नियमित खोल पाणी द्या, बुंध्यापासून जरा दूर आच्छादन घाला आणि नत्राचं खत आवरतं घ्या.

काढणी आणि साठवण

फळ तळहातावर घेऊन हलकेच उचलून जरा फिरवा. सुटलं तर तयार. हे बहुधा ऑक्टोबरात होतं. देठासकट, डाग नसलेली फळंच साठवा. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून थंड गॅरेजमध्ये एका थरात ठेवली तर मार्चपर्यंत टिकतात. महिन्या-दोन महिन्यांनी साल तेलकट लागते. तो फळाचा स्वतःचा मेणासारखा थर आहे. फळ खराब झालेलं नाही. उलट आंबटपणा थोडा उतरून चव गोलसर होते.

स्वयंपाकघरात

कैरीचा मेथांबा करताना आपण फोडी आधी मऊ करतो आणि गूळ मागाहून घालतो, कारण गूळ आधी पडला की फोडी चिवट होतात. ब्रॅम्लीत याच क्रमाने गेलात तर पाच मिनिटांत लगदा! या फळात मॅलिक आम्ल भरपूर. आच लागली की फोडीच्या कडा फुलतात, पांढरा फेस दिसतो आणि फोड विरघळते. म्हणून क्रम उलटा करा. मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळदीची फोडणी, त्यात तिखट, मीठ, गूळ आणि थोडं पाणी. पाक दाटसर उकळला की सालीसकट इंचभर मोठ्या फोडी टाका, तीन-चार मिनिटांत गॅस बंद. जो गूळ कैरीत नडतो, तोच इथे फोडी सांभाळतो. अर्धा किलो फळाला दीडशे ग्रॅम गुळापासून सुरुवात करा, मग चाखून वाढवा.

लोणच्याला आच नकोच. मिठात सुटलेलं पाणी निथळून टाका आणि फोडणी पूर्ण गार झाल्यावर ओता. कैरीपेक्षा यात पाणी जास्त, म्हणून वर्षाचं लोणचं घालू नका; थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, पंधरवड्यात संपवा. साखरांब्याच्या किसाचा मात्र जॅमच होणार, आणि तो उत्तम होतो. वेगळं पेक्टिन घालायची गरज नाही.

अ‍ॅपल पायचा तळ ओला राहतो, कारण कच्च्या फोडी आत फुगून पाणी सोडतात. साखर-लोण्यावर, पाणी न घालता, आधी परतून गार करून भरा. फोडी दिसायला हव्या असतील तर अर्ध्या कॉक्स या खायच्या सफरचंदाच्या घाला.

अॅल्युमिनियमची कढई नको. आम्लाने धातूची चव उतरते. स्टील किंवा एनॅमल घ्या. शिऱ्यात किंवा खिरीत घालायचं असेल तर दूध तापत असताना घालू नका, फाटेल. वेगळं, गोड करून, आटवून, गार करून वाढताना वर घाला.